दुकान सांगलीत, डेटाबेस मुंबईत : दोघांना जोडायला दार किती उघडायचं?

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी एका रात्री साडेदहाला मामाचा फोन आला. "अगं, सॉफ्टवेअर उघडतंय, पण आत काहीच नाही. पार्ट्यांची यादी नाही, स्टॉक नाही, उधारी नाही. तू ते कॉम्प्युटरचं लिहितेस ना?"

मी मास कॉमची. कॉम्प्युटरचं लिहिते म्हणजे ज्यांना कळतं त्यांना विचारून लिहिते. पण रात्री साडेदहाला मामाला हे सांगण्यात अर्थ नव्हता. मी आमच्या ऑफिसमधल्या डेव्हलपरला झोपेतून उठवलं आणि तिघं कॉलवर आलो.

मामाचा औषधांचा होलसेलचा धंदा आहे. मूळ दुकान सांगलीत, दुसरं कोल्हापुरात. आधी बिलिंगचं सॉफ्टवेअर सांगलीच्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. कोल्हापूरचं दुकान सुरू झालं तसं दोन्हीकडून एकच स्टॉक दिसायला हवा, एकच उधारी दिसायला हवी, अशी गरज पडली. सॉफ्टवेअरवाल्या मुलाने मुंबईतला एक क्लाउड सर्व्हर भाड्याने घेतला, सगळी माहिती त्याच्यावर नेली आणि दोन्ही दुकानांतले कॉम्प्युटर त्याला जोडून दिले. तीन आठवडे सगळं छान चाललं.

आमच्या डेव्हलपरने सर्व्हरवर जाऊन पाहिलं. मामाची सगळी टेबलं गायब होती. त्यांच्या जागी एकच नवं टेबल होतं आणि त्यात एकच ओळ. डेटा परत हवा असेल तर अमुक पत्त्यावर बिटकॉइन पाठवा.

मामाचा पहिला प्रश्न होता, "पण आम्हाला कशाला कोण हॅक करेल?" त्याचं उत्तर शोधताना मला कळलं, की त्या मुलाने सर्व्हर जोडताना जे केलं तेच रोज कितीतरी जण करतात. त्यात त्याचा हेतू वाईट नव्हता. कनेक्शन होत नव्हतं, समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि सगळं उघडून टाकल्यावर ते झालं.

दुकानातला प्रोग्रॅम आणि लांबचा डेटाबेस

आधी थोडं मागचं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर जो प्रोग्रॅम दिसतो, म्हणजे बटणं, बिलाचा फॉर्म, प्रिंट, तो असतो क्लायंट. माहिती जिथे खरोखर साठते तो डेटाबेस सर्व्हर. हे दोन वेगवेगळे प्रोग्रॅम आहेत. एकाच कॉम्प्युटरवर असतात तेव्हा ते वेगळे आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही. मामालाही कित्येक वर्षं माहीत नव्हतं, की त्याच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या पोटात मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस आहे.

डेव्हलपर मंडळी, अकाउंटंट आणि हल्ली डेटावर काम करणारे पत्रकारही डीबीव्हर, हायडीएसक्यूएल किंवा मायएसक्यूएल वर्कबेंच अशी सॉफ्टवेअरं वापरतात. तीही क्लायंटच. बिलिंगचा फॉर्म असो की डीबीव्हरची खिडकी, आतून दोघंही एकच काम करतात. सर्व्हरला एसक्यूएल भाषेत प्रश्न पाठवायचा आणि आलेलं उत्तर दाखवायचं.

हा सर्व्हर लांब असेल तर क्लायंटला चार गोष्टी सांगाव्या लागतात. सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, युजरचं नाव आणि पासवर्ड. पत्ता म्हणजे चाळीचा पत्ता समजा आणि पोर्ट म्हणजे खोली नंबर. एका आयपी ॲड्रेसवर अशा पासष्ट हजारांवर खोल्या असू शकतात. मायएसक्यूएल सहसा ३३०६ नंबरच्या खोलीत राहतं, पोस्टग्रेस ५४३२ मध्ये, मायक्रोसॉफ्टचं एसक्यूएल सर्व्हर १४३३ मध्ये, ओरॅकल १५२१ मध्ये. हे नंबर जगजाहीर आहेत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

चारही गोष्टी बरोबर भरल्या तरी पहिल्या फटक्यात कनेक्शन क्वचितच होतं. आणि ते तसं न होण्यातच तुमचं भलं असतं.

'कनेक्ट होत नाही' म्हणजे नेमकं कुठे अडलं?

सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून नुसतं "कनेक्ट होत नाही" सांगणं म्हणजे डॉक्टरला नुसतं "बरं वाटत नाही" सांगण्यासारखं आहे. स्क्रीनवर आलेल्या एररमध्ये एक नंबर असतो आणि आपण कुठपर्यंत पोचलो ते तो नंबर सांगतो. मायएसक्यूएलचंच उदाहरण घेऊ.

विंडोजवर बराच वेळ चक्र फिरतं आणि मग १००६० नंबर येतो. याचा अर्थ टाइमआउट. आपण हाक मारली, पलीकडून ना हो आलं ना नाही. बहुतेक वेळा मधल्या फायरवॉलने आपला निरोप गुपचूप टाकून दिलेला असतो. हा फायरवॉल सर्व्हरच्या विंडोज किंवा लिनक्सचा असू शकतो, पण क्लाउड सर्व्हरला आणखी एक बाहेरचा फायरवॉल असतो. तो सर्व्हरच्या आत सापडत नाही, क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून बघावा लागतो. दोन वॉचमन आहेत हेच माहीत नसल्याने लोक एकाच वॉचमनशी तासन्‌तास हुज्जत घालत बसतात. पत्ता चुकला असेल तरीही हाच नंबर येतो.

१००६१ आला तर तो नकार आहे आणि तो लगेच येतो. चाळ सापडली, पण त्या खोलीत कोणी राहतच नाही. एक तर डेटाबेस बंद आहे, नाहीतर तो फक्त घरातल्यांची हाक ऐकतोय. हे दुसरं कारण फार वेळा निघतं. उबुंटूवर मायएसक्यूएल टाकलं की त्याच्या सेटिंगमध्ये बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ असा असतो. १२७.०.०.१ म्हणजे 'हाच कॉम्प्युटर'. थोडक्यात, बाहेरच्या कोणाचीही हाक तो ऐकत नाही. पोस्टग्रेसही मुळात तसंच असतं.

११३० आला तर आपण दारापर्यंत पोचलो, पण 'या ठिकाणाहून येणाऱ्यांना प्रवेश नाही'. मायएसक्यूएलची एक गंमत आहे. त्याच्या लेखी युजर म्हणजे नुसतं नाव नाही, नाव आणि तो कुठून आला ही जोडी. त्याच मशिनवरून येणारा 'बिलिंग' आणि कोल्हापूरहून येणारा 'बिलिंग' ही त्याच्यासाठी दोन वेगळी माणसं आहेत. त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात.

१०४५ आला तर ॲक्सेस डिनाइड. इथे लोक पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत राहतात. त्यापेक्षा एररची ओळ नीट वाचा. त्यात तुमचं नाव असतं, त्यापुढे ॲटचं चिन्ह आणि त्यापुढे सर्व्हरला तुम्ही कुठून आल्यासारखे दिसताय तो पत्ता. तो पत्ता पाहून अनेकदा उलगडा होतो. पासवर्ड बरोबर असतो, पण परवानगी भलत्याच ठिकाणच्या 'तुम्हाला' दिलेली असते.

आणखी एक एरर जुन्या सॉफ्टवेअरवाल्यांना भेटतो. २०१८ मध्ये मायएसक्यूएलची ८.० आवृत्ती आली आणि पासवर्ड तपासायची मूळ पद्धत बदलली. जुन्या क्लायंटला ही नवी पद्धत कळत नाही, त्यामुळे 'ऑथेंटिकेशन प्लगइन' असं काहीतरी बोलून तो थांबतो. उपाय साधा आहे, क्लायंटचा ड्रायव्हर नवा टाका. सर्व्हरला जुन्या पद्धतीवर आणण्याचा सल्लाही मिळेल, तो ऐकू नका.

आता मामाच्या सॉफ्टवेअरवाल्याने काय केलं ते बघा. १००६० आला, त्याने फायरवॉलमध्ये ३३०६ सगळ्या जगासाठी उघडलं. १००६१ आला, त्याने बाइंड-ॲड्रेस बदलून ०.०.०.० केला, म्हणजे कोणाचीही हाक ऐक. ११३० आला, त्याने युजरपुढे टक्क्याचं चिन्ह लावलं. मायएसक्यूएलमध्ये टक्का म्हणजे 'कुठूनही'. आणि हा युजर कोण? रूट. डेटाबेसचा मालक. त्याला सगळं वाचता येतं, लिहिता येतं आणि पुसताही येतं. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे १२३.

तीन एरर म्हणजे तीन पहारे होते. त्याने एकेक करून तिन्ही उठवले. दर वेळी एरर गेला, त्यामुळे आपण बरोबर वाटेवर आहोत असंच त्याला वाटलं असणार.

उघडं दार कोणाला सापडणार?

"आमच्या दुकानाचा आयपी ॲड्रेस कोणाला माहीत असणार?" हा मामाचा दुसरा प्रश्न. कोणालाच नाही. पण माहीत असायची गरजच नाही.

जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आहेत. ऐकायला प्रचंड आकडा. पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं. चांगलं इंटरनेट असलेल्या एका कॉम्प्युटरवरून जवळजवळ सगळ्या जगाचा एक पोर्ट ते साधारण ४५ मिनिटांत तपासतं. म्हणजे जगातल्या प्रत्येक चाळीतल्या ३३०६ नंबरच्या खोलीची कडी कोणीतरी पाऊण तासात वाजवून जाऊ शकतं. तो माणूस मामाला शोधत नसतो. तो उघडी दारं शोधत असतो आणि त्यात मामाचं दार सापडतं.

अशी दारं आहेत तरी किती? इंटरनेटवरच्या धोक्यांवर नजर ठेवणाऱ्या शॅडोसर्व्हर फाउंडेशनने २०२२ मध्ये मोजणी केली. ३३०६ वर हाक मारल्यावर ओ देणारे मायएसक्यूएल सर्व्हर ३६ लाखांहून जास्त निघाले. ओ दिली म्हणजे लगेच आत घेतलं असं नाही, पासवर्ड असतोच. पण मग त्या पासवर्डवर बॉट रात्रंदिवस अंदाज लावत बसतात. दुकानाचं नाव आणि १२३ हा अंदाज काही अवघड नाही.

खंडणीचा हा प्रकारही जुनाच आहे. जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसचे हजारो सर्व्हर काही दिवसांत पुसले गेले. त्या सर्व्हरना पासवर्डच नव्हता आणि ते इंटरनेटवर उघडे होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत मायएसक्यूएलची पाळी आली. सुरक्षा क्षेत्रातल्या गार्डिकोअर कंपनीने ते हल्ले तपासले. टेबलं पुसायची, 'वॉर्निंग' नावाचं टेबल करायचं आणि ०.२ बिटकॉइन मागायचे, ही तीच मामाच्या सर्व्हरवरची पद्धत. त्या तपासात आणखी एक गोष्ट दिसली. पुसण्याआधी डेटा उतरवून घेतल्याची खूणच त्यांना सापडली नाही. म्हणजे पैसे देणाऱ्याला परत काय मिळणार होतं? हे वाचून दाखवल्यावर मामाने पैसे देण्याचा विचार सोडला.

त्याही आधीची एक गोष्ट सांगते, कारण ती मामाच्या 'मला माहीतच नव्हतं'शी जुळते. २५ जानेवारी २००३ ला एसक्यूएल स्लॅमर नावाचा वर्म सुटला. आकार फक्त ३७६ बाइट, मोबाइलवरच्या एखाद्या मोठ्या मेसेजएवढा. तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरच्या १४३४ या पोर्टवरून शिरायचा. जवळपास ७५ हजार मशिनांना त्याने गाठलं आणि त्यातली बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत. अमेरिकेत बँक ऑफ अमेरिकाची एटीएम अडली. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रातली सुरक्षेची माहिती दाखवणारी एक यंत्रणा काही तास बंद पडली. केंद्र तेव्हा सुरू नव्हतं, हे नशीब. ज्या चुकीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधीच दिली होती. पण त्या डेटाबेसची एक छोटी आवृत्ती इतर अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात होती. आपल्या मशिनवर असा काही डेटाबेस आहे हेच ज्यांना ठाऊक नाही, ते दुरुस्ती कशाची करणार?

दार बंद ठेवून आत कसं जायचं?

मग सांगली-कोल्हापूरने मुंबईच्या डेटाबेसशी बोलायचं तरी कसं? आमच्या डेव्हलपरचं उत्तर असं होतं : डेटाबेसचं दार उघडूच नका, त्याच्यापर्यंत आतून रस्ता काढा.

हा रस्ता म्हणजे एसएसएच टनेल. एसएसएचची गोष्ट फिनलंडमधली. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी येणारे-जाणारे पासवर्ड चोरून ऐकले. तेव्हा ते उघडेच प्रवास करायचे. तातू युलोनेन या तिथल्या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून सांकेतिक रूपात बोलणारा प्रोग्रॅम लिहिला. त्याने त्यासाठी पोर्ट मागितला २२, कारण २१ वर एफटीपी होतं, २३ वर टेलनेट होतं आणि मधली जागा रिकामी होती. दुसऱ्या दिवशी त्याला ती मिळाली. आज जगभरातले लिनक्स सर्व्हर याच वाटेने चालवले जातात.

टनेल चालतो तो असा. तुमचा कॉम्प्युटर आधी सर्व्हरशी २२ वरून एसएसएचने जोडला जातो. मग तो तुमच्याच मशिनवर एक नवी खोली उघडतो, समजा ३३०७. या खोलीत जे टाकाल ते गुंडाळून, कुलूप लावून २२ च्या वाटेने सर्व्हरच्या आत जातं आणि तिथे बाहेर काढून ३३०६ ला दिलं जातं. डेटाबेसला वाटतं, आपल्याच घरातलं कोणीतरी बोलतंय. त्यामुळे बाइंड-ॲड्रेस १२७.०.०.१ वरच राहतो, ३३०६ फायरवॉलमध्ये बंदच राहतं आणि टक्क्याचं चिन्हही लागत नाही. मामाकडे उठवलेले तीन पहारे पुन्हा जागेवर येतात.

तुम्ही म्हणाल, ३३०६ बंद केलं पण २२ तर उघडंच राहिलं. बरोबर. पण एसएसएचमध्ये पासवर्ड पूर्ण बंद करून किल्लीच्या फाइलने आत येण्याची सोय आहे. ही किल्ली इतकी लांब असते की अंदाजाने सापडत नाही. मामाच्या सर्व्हरवर आजही रोज बॉट २२ ची कडी वाजवतात. लॉगमध्ये ते सगळं दिसतं. वाजवून जातात.

डीबीव्हर, हायडीएसक्यूएल, वर्कबेंच या तिन्हींत टनेलची सोय आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. मामाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ती नव्हती. अशा वेळी टनेल स्वतंत्रपणे, कॉम्प्युटर सुरू होतानाच चालू करायचा आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, की तुझा डेटाबेस याच मशिनवर ३३०७ मध्ये आहे. बिचाऱ्याला काही कळत नाही.

काउंटर दोन-तीनच असतील तर हे पुरतं. दहा-पंधरा असतील तर प्रत्येकाचा टनेल सांभाळण्यापेक्षा व्हीपीएन बरा. वायरगार्ड नावाचा हलका व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आलेला आहे. तत्त्व तेच, बाहेरच्यांसाठी भिंत आणि आपल्यांसाठी आतली वाट.

"फक्त आमच्या दुकानाच्या आयपीला परवानगी द्या" हाही मार्ग लोक सुचवतात. चांगला आहे, पण आपल्याकडच्या ब्रॉडबँडवर तो टिकत नाही. स्टॅटिक आयपी घेतला नसेल तर पत्ता कधीही बदलतो आणि अनेकदा एकाच पत्त्यामागे शेकडो गिऱ्हाइकं असतात. सोमवारी चालू असलेलं कनेक्शन गुरुवारी बंद पडतं. मग कंटाळून कोणीतरी पुन्हा सगळ्यांना परवानगी देतं आणि आपण पुन्हा पहिल्या जागी.

टनेल लावूनही चुकतं ते इथे

मी स्वतः डीबीव्हरवर हे करून पाहिलं आणि अर्धा तास एकाच चुकीत अडकले. टनेलच्या टॅबमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकला, ते ठीक. पण मुख्य टॅबमधल्या होस्टच्या जागीही तोच पत्ता ठेवला. तिथे हवं होतं १२७.०.०.१. कारण टनेल लागला की हा पत्ता सर्व्हरच्या आत उभं राहून वाचला जातो. आत गेल्यावर डेटाबेस 'इथेच' असतो.

त्याची उलट चूकही होते. टनेल स्वतंत्रपणे चालू केला असेल तर क्लायंटमध्ये पोर्ट ३३०७ द्यायचा. ३३०६ राहिला आणि तुमच्या मशिनवरही एखादा जुना मायएसक्यूएल असेल, तर तुम्ही खुशाल त्यालाच जोडले जाता. कनेक्शन होतं, एरर येत नाही, फक्त डेटा जुना दिसतो. मला तर एररपेक्षा हे जास्त भीतीदायक वाटतं.

लिनक्सवर आणखी एक खोच आहे. 'लोकलहोस्ट' असा शब्द लिहिला तर मायएसक्यूएलचा मूळ क्लायंट पोर्टकडे न जाता एका अंतर्गत फाइलमधून बोलायला जातो आणि टनेल बाजूला राहतो. त्यामुळे शब्द न लिहिता १२७.०.०.१ असे आकडेच लिहा.

आणि रूट कोणाला द्यायचा नाही. बिलिंगसाठी एक युजर, त्याला फक्त बिलिंगच्या टेबलांची परवानगी, टेबल पुसण्याची नाही. रिपोर्ट बघणाऱ्या अकाउंटंटला दुसरा युजर, तो फक्त वाचू शकेल. हे करायला दहा मिनिटं लागतात. मामाच्या बॉटला असाच युजर मिळाला असता तर त्याने डेटा वाचला असता, कदाचित ओळी बिघडवल्याही असत्या. पण सगळी टेबलं एका झटक्यात उडवता आली नसती.

कनेक्ट झालं, पण रडतखडत

टनेल लागल्यावर दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, रोज सकाळी पहिलंच बिल करताना एरर येतो आणि प्रोग्रॅम बंद करून उघडला की चालतं. मायएसक्यूएल गप्प बसलेलं कनेक्शन मुळात २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतं. रात्री नऊला दुकान बंद, सकाळी नऊला चालू, मधे बारा तास. मधले राउटर तर त्याहून लवकर तोडतात. क्लायंटमध्ये 'कीप अलाइव्ह'चं सेटिंग असेल तर ते चालू करायचं.

दुसरी तक्रार, सगळं हळू झालं. इथे इंटरनेटचा स्पीड वाढवून काही होत नाही, कारण प्रश्न अंतराचा असतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईतून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सर्व्हरला एक प्रश्न विचारून उत्तर यायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात. एका प्रश्नाला ते जाणवत नाही. पण उधारीची यादी काढताना प्रोग्रॅम जर ६०० पार्ट्यांची बाकी एकेक करून विचारत असेल तर? दोन मिनिटं. तोच सर्व्हर मुंबईत असेल आणि सांगलीहून फेरीला २० मिलिसेकंद लागत असतील तर बारा सेकंद. आणि सर्व्हर दुकानातच असेल तर सेकंदही नाही. म्हणून एका मशिनवर पळणारं सॉफ्टवेअर लांबच्या सर्व्हरवर नेलं की रांगतं. सर्व्हर जवळचा घ्यावा, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगावं की ६०० प्रश्नांऐवजी एकच प्रश्न विचार.

मामाचं पुढे काय झालं

मामाकडे एका पेनड्राइव्हवर बॅकअप होता, अकरा दिवसांपूर्वीचा. तोही मामीने आठवणीने काढून ठेवलेला. मधल्या अकरा दिवसांची बिलं छापील प्रतींवरून पुन्हा भरली. औषधांच्या बिलावर बॅच नंबर आणि एक्स्पायरी असते, त्यामुळे एकेका ओळीला वेळ लागतो. दोन मुलं आणि मामी, तिघांनी मिळून नऊ दिवस ते काम केलं. काही मेडिकलवाल्यांनी आपल्याकडची बिलं पाठवून मदत केली. दोघा-तिघांना त्या अकरा दिवसांत आपण माल घेतल्याचं आठवेना. ते पैसे गेले असं मामाने धरून टाकलं आहे.

अशा वेळी तक्रार करायला जागा आहे. सायबर गुन्ह्यांची तक्रार १९३० या हेल्पलाइनवर देता येते. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि डेटा सेंटर यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. मामाने तक्रार दिली. त्यातून डेटा येणार नव्हता, हे त्यालाही माहीत होतं.

सर्व्हर नव्याने उभा केला. आता ३३०६ बंद आहे, दोन्ही दुकानांतून टनेल आहे, रोज रात्री बॅकअप निघतो आणि त्याची एक प्रत त्या सर्व्हरवरून पोचता न येणाऱ्या जागी जाते.

तुमच्या दुकानाचं, क्लिनिकचं किंवा क्लासचं सॉफ्टवेअर असंच लांबच्या सर्व्हरवर असेल तर एक तपासणी घरबसल्या होते. लॅपटॉप दुकानाच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्या. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड सर्व्हरचा पत्ता आणि तुमच्या डेटाबेसचा पोर्ट देऊन चालवा. इंग्रजी स्पेलिंग जमत नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला तुमच्यासमोर चालवायला सांगा. शेवटच्या ओळीत 'फॉल्स' आलं तर दार बाहेरून बंद आहे. 'ट्रू' आलं तर त्याच दिवशी त्याला बसवून घ्या.

मामाने हे स्वतः शिकून घेतलंय. परवा त्याच्या एका व्यापारी मित्राने नवं सॉफ्टवेअर घेतलं, तर मामा तिथे चहा प्यायला गेला आणि बसवायला आलेल्या मुलाला म्हणाला, "बाळा, ३३०६ बाहेरून उघडं ठेवलंयस का?"

मुलगा म्हणाला, "हो काका, त्याशिवाय कनेक्टच होत नव्हतं."

मामाने मला तिथूनच फोन लावला.